टाकी नसलेला गीझर शॉवरला पुरेल का?

प्रश्न : आमच्या घरात पाच माणसं, न्हाणीघर एकच. 25 लिटरचा जुना गीझर हल्ली खालून थेंब थेंब गळतो, म्हणून नवा घ्यायचा विचार आहे. विक्रेत्याने 3 किलोवॉटचा टँकलेस हीटर सुचवला. तो म्हणतो, टाकीच नाही म्हणून वीज निम्मी लागेल, गरम पाणी कधी संपणार नाही आणि सध्याच्या 16 अँपिअरच्या प्लगवरच तो चालेल. आम्ही सगळे शॉवर घेतो. थंडीत नळाच्या पाण्यात थर्मामीटर धरून बघितला तर 14 अंश आलं. घराचं वायरिंग जुनं आहे. मुलगा म्हणतो, एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) मोठी टाकली की काम झालं. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, कढत पाण्याला त्या फार घाबरतात. शिवाय स्वयंपाकघरातलं सिंक गीझरपासून 12 मीटर लांब, तिथे गरम पाणी यायला खूप वेळ लागतो. काय करावं? आणि महिनाभर घर बंद राहणार असेल तर हीटरचं काय करायचं?

उत्तर : तुम्ही नळाच्या पाण्याचं तापमान मोजून कळवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. त्या एका आकड्यामुळे तुम्हाला नेमकं उत्तर देता येतंय. पण आधी गळतीचं बघू, कारण ते आजच्या आज व्हायला हवं.

पाणी नेमकं कुठून येतंय ते पाहा. गीझरच्या थंड पाण्याच्या जोडणीवर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं. 14 अंशांचं 25 लिटर पाणी 60 अंशांवर गेलं की सुमारे 400 मिलिलिटरने वाढतं, आणि मागे सरकायला वाट नसेल तर तेवढं पाणी या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येतं. गीझर तापत असतानाच थेंब पडत असतील आणि एरवी थांबत असतील, तर तो बिघाड नाही, व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. कॉइल जिथे बसवलेली असते तिथून गळत असेल तर बहुतेक वेळा गॅस्केट बदलून भागतं. मात्र टाकीच्या पत्र्यातून किंवा जोडातून पाणी पाझरत असेल, खाली गंजाचे ओघळ दिसत असतील, तर टाकी आतून गेली असं समजा. ती दुरुस्त होत नाही. व्हॉल्व्ह सोडून दुसरीकडून कुठूनही गळत असेल तर आजपासून गीझर लावू नका. विजेची जोडणी त्याच खालच्या भागात असते. नुसतं बटण बंद करून थांबू नका, बोर्डावरून त्याची एमसीबी पाडा आणि पाण्याचा व्हॉल्व्हही बंद करा. कदाचित तुम्हाला नवा गीझर घ्यायची गरजच नसेल, म्हणून खरेदीच्या आधी एवढं बघाच.

आता विक्रेत्याने सुचवलेल्या हीटरकडे येऊ. माझं उत्तर स्पष्ट आहे : 3 किलोवॉटचा टँकलेस हीटर तुमच्या शॉवरला पुरणार नाही. तो हीटर वाईट नाही, तुमच्या न्हाणीघरासाठी तो लहान आहे.

टँकलेस हीटर घेताना लिटर बघायचे नसतात, तीन गोष्टी बघायच्या असतात : पाणी येतं किती थंड, जायला हवं किती गरम, आणि मिनिटाला वाहतं किती. 1 किलोवॉटची कॉइल मिनिटाला 1 लिटर वाहणाऱ्या पाण्याचं तापमान साधारण 14 अंशांनी वाढवते. हे पाण्याच्या गुणधर्मावर ठरतं, कंपनी कोणतीही असली तरी यात फरक पडत नाही. तुमचं पाणी 14 अंशांचं आणि अंघोळीला लागतं 40 च्या आसपास, म्हणजे वाढ हवी 26 अंशांची. 3 किलोवॉटमध्ये एवढी वाढ मिळते ती मिनिटाला फक्त 1.65 लिटर पाण्याला. 1 लिटरची बाटली या धारेखाली धरली तर भरायला 36 सेकंद लागतील. शॉवरमधून इतकी बारीक धार अंगभर पडत नाही, एका कोपऱ्यातून ओघळते. पाणी कमी वापरणारा शॉवरही मिनिटाला 6 लिटरच्या आसपास सोडतो. 3 किलोवॉटवर ते 6 लिटर पाणी जेमतेम 21 अंशांपर्यंत येईल. कडक थंडीत 21 अंशांच्या पाण्याखाली उभं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

मग किती हवा? 6 लिटरच्या शॉवरला 26 अंशांची वाढ द्यायची तर 11 किलोवॉट. 230 व्होल्टच्या सिंगल फेजवर हा हीटर जवळजवळ 48 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरचा प्लग चालत नाही. बोर्डापासून थेट निघालेली स्वतंत्र वायर लागते, तीही तांब्याची आणि 10 चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड. तिची लांबी किती आणि ती भिंतीतून कशी जाते यावर नेमकी जाडी ठरते. पुष्कळ घरांचा मंजूर लोडच एवढा नसतो. थ्री-फेज जोडणी असेल तर हाच 11 किलोवॉटचा भार तीन फेजमध्ये वाटला जातो आणि प्रत्येकावर साधारण 16 अँपिअर येतात, मग गोष्ट आवाक्यात येते. मिनिटाला 4 लिटरवर भागवणारा शॉवर बसवला तरी साडेसात किलोवॉट आणि 32 अँपिअर लागतातच.

घरातला व्होल्टेजही धरून चाला. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. सकाळी सगळीकडे हीटर चालू असताना 230 चे 200 व्होल्ट झाले, तर 3 किलोवॉटचा हीटर सव्वादोन किलोवॉटचा होतो. म्हणजे सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी तो सर्वांत कमी तापवतो. टाकीच्या गीझरलाही हेच लागू आहे, पण तिथे पाणी तापायला थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. टँकलेसमध्ये पाणी तसंच कोमट अंगावर येतं.

वीज निम्मी लागेल हे मला मान्य नाही. 30 लिटर पाण्याचं तापमान 26 अंशांनी वाढवायला 0.9 युनिट लागतं, ते टाकीत तापवा नाहीतर वाहतं तापवा. टँकलेसमध्ये वाचते ती फक्त टाकीतलं पाणी नुसतं गरम ठेवण्यात जाणारी वीज. 25 लिटरचा गीझर दिवसरात्र चालू ठेवला तर टाकीवरचं आवरण कसं आहे त्यानुसार दिवसाला साधारण अर्धा ते एक युनिट असं वाया जातं. पाच जणांच्या अंघोळीला साडेचार युनिट लागत असतील तर त्यातला हा भाग किती, ते तुम्हीच बघा. आणि अंघोळीआधी गीझर लावून नंतर बंद करायची सवय असेल, तर वाचायला फारसं काही उरतच नाही. उलट पाणी संपणार नाही असं कळलं की माणूस शॉवरखाली जास्त वेळ उभा राहतो. घरात तरुण मुलगा आहे, तेव्हा हेही हिशेबात धरा.

मुलाच्या सूचनेबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. कृपा करून एमसीबी मोठी टाकू नका. एमसीबी हीटरसाठी नसते, ती भिंतीतल्या वायरसाठी असते. वायर जेवढा प्रवाह सोसू शकते त्याच्या पुढे गेला की एमसीबीने पडायचं असतं. जुनी वायर 1.5 चौरस मिलिमीटरची असेल आणि तिच्यावर 32 अँपिअरची एमसीबी बसवली, तर वायर भिंतीच्या आत तापत राहील, तिचं प्लॅस्टिक मऊ होईल, आणि एमसीबी मात्र शांत बसून राहील. घराला आग लागायला इतकं पुरतं. मुलाला समजावून सांगा. त्याची चूक नाही, एमसीबी पडते म्हणजे ती कमजोर आहे असंच बहुतेकांना वाटतं. आधी वायरची जाडी ठरते, त्या जाडीवरून एमसीबी.

3 किलोवॉटचा हीटर 13 अँपिअर घेतो, तेव्हा कागदावर तो 16 अँपिअरच्या प्लगवर बसतो. पण तुमचं वायरिंग जुनं आहे. एखादा हीटर किंवा इस्त्री त्या सॉकेटवर 10 मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिनांजवळ हात नेऊन बघा. किंचित कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल, सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग असेल, जळकट वास येत असेल, तर आतली पकड सैल झाली आहे. त्या सॉकेटवर कुठलाच हीटर लावू नका, टाकीचाही नाही. 3 किलोवॉटसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर हवी, तिच्यावर दुसरं काही नको.

अर्थिंगबद्दल इलेक्ट्रिशियनला विचारू नका, त्याच्याकडून मोजून घ्या. काही टँकलेस हीटरमध्ये तापणारी तार उघडी असते आणि पाणी थेट तिच्यावरून वाहतं. अशा हीटरमध्ये अर्थिंग नसेल तर विजेचा झटका थेट पाण्यातून बसू शकतो. जोडीला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवीच. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघा. मात्र ते बटण दाबल्यावर आरसीसीबी पडली म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असा अर्थ काढू नका. अर्थिंग तुटलेलं असलं तरी ते बटण काम करतं.

सासूबाईंची भीती मला रास्त वाटते. बाकी सगळं क्षणभर बाजूला ठेवलं तरी केवळ त्यांच्यासाठी मी न्हाणीघरात साधा टँकलेस लावू देणार नाही. कारण असं : कमी-जास्त होण्याची सोय नसलेल्या हीटरची ताकद कायम तेवढीच राहते, म्हणून धार बारीक झाली की पाणी एकदम तापतं. त्याच 3 किलोवॉटवर नळ बारीक करून मिनिटाला 1 लिटर केला तर 14 अंशांचं पाणी 57 अंशांवर जातं. 60 अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोल भाजतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, हात मागे घ्यायला वेळ लागतो, आणि गडबडीत नळ उलटा फिरवला जातो. आणखी एक खोड अशी की नळ बंद करून काही सेकंदांनी पुन्हा उघडला, तर कॉइलच्या उरलेल्या उष्णतेने तापलेलं पाणी आधी येतं. साबण लावून पुन्हा शॉवर सुरू करणाऱ्याला पहिला चटका बसतो तो याचाच.

थंड पाणी मिसळून घेऊ, असं तुम्ही म्हणाल. टँकलेसमध्ये त्याचीही गंमत होत नाही, अडचण होते. आत पाण्याचा प्रवाह ओळखणारा एक स्विच असतो. अनेक हीटरमध्ये मिनिटाला दीड-दोन लिटरपेक्षा प्रवाह कमी झाला की तो कॉइल बंद करतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कॉइल कोरडी जळेल. थंडचा नळ जास्त उघडला की हीटरमधून जाणारं पाणी घटतं, कॉइल बंद पडते आणि अंगावर गार पाणी येतं. घाबरून थंड कमी करावं तर कॉइल पुन्हा सुरू होते. गार-गरम असा हा खेळ चालू राहतो. आणि आधी काढलेला 1.65 लिटरचा आकडा आठवा. तुमच्या घरी थंडीत कामाचा प्रवाह आणि बंद पडण्याचा प्रवाह जवळजवळ एकच आहे. पाणी वरच्या टाकीतून नुसतं उताराने येत असेल तर दाबही तपासावा लागतो. टाकी 1 मीटर उंच असली की 0.1 बार दाब मिळतो. हीटरच्या पट्टीवर किमान दाब छापलेला असतो, तो आपल्याकडे आहे का ते घेण्यापूर्वी बघायचं.

तेव्हा न्हाणीघरासाठी माझं मत टाकीच्याच बाजूने आहे. पाच माणसांना 25 लिटर थोडे पडतात, 50 लिटरचा आणि 2 किलोवॉटचा घ्या. तो 9 अँपिअरच्या आतच ओढतो, त्यामुळे चांगल्या सॉकेटला आणि वायरला त्रास नाही. 14 अंशांपासून 60 पर्यंत यायला त्याला सुमारे 80 मिनिटं लागतील. एकदा तापला की पुढच्या सव्वा-दीड तासात पाचही जणांच्या बेताच्या अंघोळी होतात, कारण वापर चालू असताना तो तापवतही राहतो. भिंत मजबूत हवी. 50 लिटर पाणी म्हणजे 50 किलो, वर गीझरचं वजन वेगळं. थर्मोस्टॅट 60 अंशांवरच राहू द्या. साठवलेलं पाणी 20 ते 45 अंशांच्या दरम्यान दिवसेंदिवस राहिलं तर त्यात लीजनेला नावाचे जंतू वाढू शकतात, म्हणून कमी तापमानावर ठेवून वीज वाचवायचा मोह नको. आणि सासूबाईंसाठी शॉवरला थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवून घ्या. त्याला 38 किंवा 40 अंश लावून ठेवले की गरम-थंडचा मेळ तो स्वतः घालतो आणि थंड पाणी अचानक बंद झालं तर गरमही रोखतो. या साऱ्या खर्चात कुठे काटकसर करायची झाली तर दुसरीकडे करा, इथे नको.

तुम्हाला टँकलेसच हवा असेल, थ्री-फेज असेल, वायर नवी टाकायची तयारी असेल, तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तापमान राखणारा घ्या. ठरवलेल्या तापमानाप्रमाणे तो ताकद स्वतः कमी-जास्त करतो, त्यामुळे वर सांगितलेला चटक्याचा धोका बराच कमी होतो. वीज गेली की मात्र अंघोळ अर्धवट राहणार. इन्व्हर्टरवर असला भार चालत नाही.

विक्रेत्याने सुचवलेला 3 किलोवॉटचा हीटर तुमच्या सिंकखाली मात्र छान शोभेल. 12 मीटर नळी, आतला व्यास 15 मिलिमीटर धरला तर तिच्यात 2 लिटरहून जास्त पाणी मावतं. म्हणजे दर वेळी गरम पाणी हाताशी येण्याआधी तेवढं थंड पाणी वाहून जातं आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी नळीत गार होतं. हात धुवायचे, दोन भांडी विसळायची, आणि त्यासाठी इतका खटाटोप. नळाच्या तोंडाला मिनिटाला 2 लिटर सोडणारी जाळी लावा. 3 किलोवॉटवर 14 अंशांचं पाणी 35 अंशांपर्यंत येतं, भांड्यांना तेवढं पुरतं. त्याहून गरम हवं तर साडेचार किलोवॉटचा घ्या, पण तो जवळजवळ 20 अँपिअर ओढतो, त्यामुळे त्याला प्लग नको. स्वतंत्र जाड वायर आणि दोन्ही तारा तोडणारा स्विच हवा.

बसवताना प्लंबरच्या शेजारी उभं राहा. हीटर दोन तऱ्हेचे असतात. एक पूर्ण दाब सोसणारा, दुसरा उघड्या तोंडाचा. उघड्या तोंडाच्या हीटरला नळ फक्त थंड पाण्याच्या बाजूला असतो आणि गरम पाण्याची बाजू कायम मोकळी असते. सवयीने कोणी गरम पाण्याच्या नळीवर तोटी बसवली तर आतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि हीटरचं भांडं फाटू शकतं. तुमचा कोणत्या तऱ्हेचा आहे ते माहितीपत्रकातल्या चित्रावरून आधी ठरवा, मग नळ्या जोडू द्या. जोडून झाल्यावर वीज सुरू करण्याआधी नळ पूर्ण उघडून एक-दोन मिनिटं पाणी सोडा, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत. हवा अडकलेली असताना कॉइल तापली तर पहिल्याच दिवशी जळते.

तुमचं पाणी जड आहे का, तेही सांगायला हवं होतं. चहाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर आहे. टँकलेसच्या वाटा बारीक, तिथे हा थर लवकर अडथळा करतो. धार मंदावते, कॉइल जास्त तापून निकामी होते. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी एक लहान गाळणी असते, ती काढून धुवा. आणि माहितीपत्रकात परवानगी असेल तर वर्षातून एकदा सायट्रिक आम्लाचं सौम्य द्रावण फिरवून क्षार काढून घ्या. वीज बंद करूनच, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

महिनाभर घर बंद ठेवताना दोन्ही हीटरची वीज एमसीबीवरून बंद करा आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्हही. पाणी गोठेल इतकी थंडी पडण्याची शक्यता असेल तर दोन्हीतलं पाणी काढून टाका. टँकलेसमध्ये पाणी थोडंच असतं, पण गोठून फुगलं की आतली नळी फाटायला तेवढं पुरतं. परत आल्यावर आधी पाणी सोडा, नळातून हवा जाऊन सलग धार आली की मग वीज लावा. 50 लिटरची टाकी पूर्ण 60 अंशांवर तापू द्या, आणि महिनाभर साचून राहिलेलं पाणी वापरण्याआधी शॉवर काही मिनिटं नुसता वाहू द्या, खिडकी उघडी ठेवून आणि स्वतः बाहेर थांबून.